मामकूळ आणि पासवर्ड

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला हे सांगताना मी गफलत करते आणि माझी नात मला लगेच पकडते. एक केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. तिच्यात ना दार फोडलेलं होतं, ना कुणाला मारलेलं. पंचनामा करायला जागासुद्धा नव्हती. तरी एका मुलीचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं आणि ते पुन्हा सुरू होणं माझ्या तपासावर अवलंबून होतं.

अमरावतीजवळच्या एका ग्रामीण ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होते. अंगाने सडपातळ होते, गॉगल लावायचे आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. नुकतंच सायबर गुन्ह्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्याचं प्रमाणपत्र मी खुर्चीच्या मागे अशा ठिकाणी लावलं होतं की समोर बसणाऱ्याला माझ्या डोक्याच्या आधी ते दिसावं. प्रशिक्षणात काय शिकवलं, असं कुणी विचारलं असतं तर मला जेवणातली भाजी तेवढी नीट आठवत होती.

आणखी एक गोष्ट. पोलिसी प्रश्न विचारण्याआधी समोरच्याला त्याचं मामकूळ विचारायची माझी पद्धत होती. मामकूळ म्हणजे आईच्या माहेरचं कूळ, तिचं माहेरचं आडनाव. आमच्या वऱ्हाडात सोयरीक जुळवताना चहाच्या आधी हा प्रश्न येतो, कारण मामकूळ एक निघालं तर पुढे बोलायचंच नसतं. कुणाचं मामकूळ विचारलं की माणूस सैल होतो, खुर्चीत नीट बसतो, बोलायला लागतो. ही युक्ती माझी स्वतःची, असं मी नवीन शिपायांना ऐटीत सांगत असे.

त्या दिवशी दुपारी एक मुलगी मामाला घेऊन ठाण्यात आली. वलगावकडच्या एका खेड्यातली. अमरावतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती काही बोलायच्या आत मामाच काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मॅडम, मी हिचा सख्खा मामा." पुढे त्यांनी आपलं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, शेत कुठल्या नाल्याला लागून आहे तेही सांगितलं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

"मामाजी, बसा," मी म्हटलं. "पोरीला बोलू द्या."

मुलगी उभीच राहिली. "मॅडम, मी तो मेल लिहिला नाही. एवढंच लिहून घ्या."

झालं होतं असं. अकोल्याच्या एका नोकरदार मुलाशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. दोघं अधूनमधून ई-मेलवर बोलत. घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे ती बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाई. एक दिवस तिचा पासवर्ड लागेना. आपणच विसरलो असू असं समजून ती परत आली. त्यानंतर अकोल्याची मंडळी थेट तिच्या घरी आली आणि तिच्या वडिलांच्या हातात एक छापलेला कागद ठेवून उठून गेली. तिच्याच पत्त्यावरून गेलेला मेल होता. 'मी तुमची नोकरी पाहून हो म्हटलं. माझं मन दुसरीकडे आहे. आधीचं शेतीचं स्थळ नाकारलं ही माझी चूक झाली.'

वडील तिला मारायला धावले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांनी तिच्या कॉलेजची बॅग उचलून धान्याच्या कोठीवर ठेवली आणि म्हणाले, "पुरे झालं शिकणं." प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती.

"लग्न मोडलं ते मोडू द्या," मुलगी म्हणाली. "पण बाबांले वाटते मीच लिहिलं. ते माझ्याकडे पाहतच नाहीत."

मामा मध्येच म्हणाले, "माझी भाची आहे ती. आमच्या घरातल्या पोरी असं करत नाहीत."

"तुमच्या घरातल्या नाही, मामाजी, ती तिच्या बापाच्या घरातली आहे," आमचा रायटर हवालदार म्हणाला. रायटर म्हणजे ठाण्यातली लिखापढी सांभाळणारा. आमचा रायटर लिहायचा कमी आणि बोलायचा जास्त.

गुन्हा नोंदवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या केसचा तपास निरीक्षकानेच करायचा असा नियम होता आणि ठाण्यात निरीक्षक मी एकटीच, त्यामुळे ती केस कुणाच्या गळ्यात घालायची सोय नव्हती. मी प्रमाणपत्राकडे पाहिलं, प्रमाणपत्राने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. त्याला मी गॉगल न काढता सांगितलं, "परदेशी टोळीचा हात नाकारता येत नाही." तो खूश झाला. मीही. कुठल्या परदेशी टोळीला आमच्या वलगावकडच्या पोरीचं लग्न मोडायची हौस असणार, हे मी स्वतःला विचारलं नाही. बातमी छापून आली तेव्हा रायटर म्हणाला, "मॅडम, फोटो झकास आला. टोळी कोणती, ते नाही आलं."

पहिला संशय कॅफेवाल्यावर. तिचं खातं त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडलेलं, तिला फॉर्म भरायलाही त्यानेच मदत केलेली. त्याला बोलावलं. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हसरा. त्याचं कुटुंब अमरावतीत पिढ्यान्‌पिढ्या छपाईच्या धंद्यात, आता छपाई सोडून कॅफे.

मी पद्धतीप्रमाणे विचारलं, "मामकूळ कोणतं तुमचं?"

"मॅडम, आमच्यात ते चालत नाही," तो हसत म्हणाला. "पण मामू माझे अकोल्याचे. चालेल का?"

मी कडक आवाज काढला. "तुला तिचा पासवर्ड माहीत होता."

"अल्ला कसम, नाही. मॅडम, कुणी पासवर्ड टाकायला लागलं की मी तोंड दाराकडे फिरवतो. सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मागच्या महिन्यात एक पोट्टा माझा माऊसच खिशात घालून गेला."

मी त्याला दिवसभर बसवून ठेवलं. तेच चार प्रश्न फिरवून फिरवून विचारले आणि तीच चार उत्तरं मिळाली. संध्याकाळी त्याला सोडलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, त्या पोरीचं खरं निघू दे. माझ्या दुकानात बसून ती रडली होती." मी हे स्टेशन डायरीत लिहिलं नाही. गुन्हेगार गोड बोलतात, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं.

एसपी ऑफिसच्या मार्फत मेल कंपनीला पत्र गेलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. मधल्या काळात मुलगी मामाच्या फोनवरून फोन करायची. "मॅडम, आलं का काही?" तिला 'नाही' म्हणणं मला जड जायचं. एकदा तिने विचारलं, "परीक्षेच्या आधी येईल ना?" मी म्हटलं, "बघू." पोलीस 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनाही काही दिसत नसतं.

शेवटी उत्तर आलं. दोन गोष्टी होत्या. एक, तिच्या खात्याचा पासवर्ड कुणी चोरलेला नव्हता. 'पासवर्ड विसरलात का?' हे बटण दाबून, खात्याने विचारलेल्या गुप्त प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन नवा पासवर्ड बसवला होता. दुसरी, ते ज्या जोडणीवरून झालं तिचा आकडा.

आकडा मोबाईल कंपनीकडे पाठवला आणि मुलीला व मामांना बोलावून घेतलं.

"तुझा गुप्त प्रश्न कोणता होता?" मी मुलीला विचारलं.

"आईचं माहेरचं आडनाव."

"आणि उत्तर?"

तिने तोंड उघडायच्या आत पलीकडच्या टेबलावरून रायटरने ते आडनाव सांगून टाकलं. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मॅडम, मामाजींनी पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलं. मग तुम्ही पुन्हा विचारलं, तुमच्या सवयीने. मग मी फिर्यादीत लिहिलं. दारावरच्या शिपायाले पण माहीत आहे. विचारा."

दारावरच्या शिपायाने मान हलवली.

मामा एकदम उभे राहिले. "काहून नाही सांगायचं? आमचं कूळ लपवायचं आहे काय?"

मी फिर्याद पुढे ओढली आणि ते आडनाव पुन्हा वाचलं. बाहेरच्या कुणा अमेरिकन माणसासाठी हा प्रश्न गुप्त असेल. आमच्याकडे तो गावभर फिरतो. लग्नाच्या मुलीचं मामकूळ तर ज्या ज्या घरची मंडळी तिला पाहायला आली त्या प्रत्येक घराला ठाऊक. मुलीने प्रामाणिकपणे खरं उत्तर भरलं होतं. ज्या गोष्टीवरून सोयरीक ठरते, त्याच गोष्टीने तिने आपल्या खात्याला कुलूप लावलं होतं आणि किल्ली प्रत्येक पाहुण्याला चहासोबत दिली होती.

"तुला पाहायला कोण कोण आलं होतं?" मी विचारलं.

तिने सांगितलं. त्यातलं एक स्थळ अंजनगाव सुर्जीकडचं होतं. मुलगा शेती करणारा. तिने नाही म्हटलं होतं. मी तो मेल पुन्हा वाचला. 'आधीचं शेतीचं स्थळ नाकारलं ही माझी चूक झाली.' हे वाक्य पहिल्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये होतं. खोटं लिहिताना माणूस नको तेवढं लिहितो आणि त्या नको तेवढ्यात त्याचं स्वतःचं दुखणं येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. मी परदेशी टोळी शोधत होते.

मोबाईल कंपनीचं उत्तरही आलं. जोडणी एका नेट डोंगलची होती आणि ते डोंगल त्याच शेतकरी मुलाच्या नावावर होतं.

त्याला बोलावलं. उंच, उन्हाने काळवंडलेला, हाताला संत्र्याच्या बागेतल्या फवारणीचा वास. ती वर्षं अशी होती की शेती करतो म्हटलं की मुलीकडचे लोक चहाचा कप खाली ठेवायचे. गावोगाव असे मुलगे होते, जमीन चांगली, माणूस चांगला आणि घरात सून येत नाही.

सवयीचं मामकूळ विचारून झाल्यावर मी म्हटलं, "डोंगल तुझं आहे?"

"हाव."

"मेल तू केला?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "हाव. मीच केला. लिहून घ्या."

इतक्या सोप्या कबुलीवर मी हुरळून गेले असते, पण रायटरने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी कॉम्प्युटर चालू केला आणि म्हटलं, "ये. कसा केला ते दाखव."

त्याने माऊस हातात धरला तो विळ्याची मूठ धरावी तसा. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात गेला आणि तिथेच अडकला. त्याने माऊस उचलून हवेत फिरवला.

"खाली ठेव, भाऊ," रायटर म्हणाला. "उडत नाही ते."

मी विचारलं, "बरं. खात्यात शिरायला काय उत्तर दिलं? तिचं मामकूळ काय?"

"ते मले काय माहीत?" तो वैतागून म्हणाला. "मी तर त्या दिवशी पोह्याच्या बशीतच पाहत बसलो होतो. मामकूळ तर आमच्या ताईनं विचारलं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्याने डोळे मिटले.

"ताई कुठे असते?" मी विचारलं.

"मॅडम, मले आत टाका," तो म्हणाला. "तिचं अजून लग्न व्हायचं आहे."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. मी एका महिला शिपायाला घेऊन अंजनगावकडे गेले. भावालाही जीपमध्ये बसवलं. तो वाटभर जीपची सळई धरून बसला होता. मी गॉगल पर्समध्ये ठेवला होता.

बहीण अंगणात उभी होती. आम्हाला पाहिल्यावर तिने हातातलं सूप ओट्यावर ठेवलं. अकोल्याला कॉमर्स शिकत होती. डोंगल भावाने तिच्या अभ्यासासाठी घेऊन दिलं होतं.

"तू केलंस?" मी विचारलं. मामकूळ विचारलं नाही. ते न विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी.

तिने एकदा भावाकडे पाहिलं. तो डोक्याने 'नाही, नाही' करत होता.

"दादा, तू काहून खोटं बोलून राहिला?" ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी केलं. मी काही तोडलं नाही, मॅडम. त्या खात्यानं मले विचारलं, आईच्या माहेरचं आडनाव काय. मले माहीत होतं. मी सांगितलं. ते उघडलं. अकोल्याच्या पोराचे मेल आतच होते."

"तिचा मेलचा पत्ता कुठून मिळाला?"

"तिच्या बायोडाट्यावर होता. आमच्या घरी पडून होता."

"काहून केलं?"

आता तिचा आवाज चढला. "तुमी या घरी पाहुणे म्हणून आल्या असत्या तर समजलं असतं. येणारा माणूस आधी सातबारा पाहते, मग विचारते नोकरी आहे का. माझा दादा पहाटेपासून बागेत असते. एकालाही वाटत नाही, याले एक शब्द विचारावा. तिनं तर दादाकडे पाहिलं पण नव्हतं. दारातूनच नाही म्हणून आत गेली. मले वाटलं, तिले पण एकदा लागू दे, नकार कसा लागते ते."

"आणि तिचं कॉलेज बंद झालं, हे माहीत आहे का?"

"काहून? कॉलेजचा काय संबंध?"

मी सांगितलं. धान्याच्या कोठीवर ठेवलेली बॅग, तिच्याकडे न पाहणारे वडील. ती ओट्यावर बसली. "मले वाटलं, लग्नच मोडंल," ती म्हणाली. "मी पण तर शिकून राहिली, मॅडम."

जबाब घेतला, डोंगल आणि तिचा कॉम्प्युटर पंचांसमक्ष जप्त केला, दोषारोपपत्र गेलं. कायद्यात अशा गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. मी फिर्यादी मुलीला ते समजावून सांगितलं आणि म्हटलं, निर्णय तुझा. तिने एक अट घातली. "तिनं आमच्या घरी येऊन बाबांसमोर सांगायचं. माझ्या पाठीमागे नाही. मी तिथे असताना."

तो प्रसंग पाहायला मी साध्या साडीत गेले होते. बहीण आणि भाऊ आले. मामा अर्थातच होते. कुणी चहा मागितला नाही. बहिणीने मुलीच्या वडिलांसमोर उभं राहून सगळं सांगितलं, पायरीपायरीने, न चुकता. शेवटी म्हणाली, "काका, तिनं एक अक्षर लिहिलं नाही. मी लिहिलं."

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, कोठीवरची बॅग काढली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि मुलीपुढे धरली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सकाळची बस किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

मामा रडायला लागले. मीसुद्धा जरा कडेला जाऊन आभाळ पाहिलं.

अकोल्याची मंडळी पुन्हा आली. झालं गेलं विसरा म्हणाली. मुलीने त्यांना नाही सांगितलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, त्यांच्याकडे आमच्या घरचा नंबर होता. मेल आला तेव्हा एक फोन करून विचारलं नाही, तू लिहिलं का म्हणून. कागद छापून आणला." तिने कोर्टात तडजोडीवर सही केली, हुकलेली परीक्षा पुढच्या खेपेला दिली, नर्स झाली.

कॅफेवाल्याकडे मी जाऊन आले. त्याने चहा पाजला आणि पासवर्ड टाकताना तोंड दाराकडे फिरवून दाखवलं. मला चिडवण्यासाठी.

या केसने मला काय शिकवलं? लोक समजतात, माहिती चोरायला कुणी मोठा हुशार, लांबचा, अंधारात बसलेला माणूस लागतो. बहुतेक वेळा तो आपल्या घरी पोहे खाऊन गेलेला असतो. आपणच त्याला सगळं सांगितलेलं असतं, आपुलकीने, खुर्ची पुढे सरकवत. आपलं मामकूळ, गाव, जन्मतारीख, शाळा, पोरांची नावं आपण इतक्या सहज सांगतो, ही आपल्या लोकांची चांगली गोष्ट आहे, आणि ती सोडावी असं मला अजूनही वाटत नाही. सोडायचं ते एवढंच, त्याच गोष्टीचं कुलूप करणं. यंत्राला खरं-खोटं कळत नाही, ते फक्त जुळवून पाहतं. आयुष्यभर लोकांकडून खरं उत्तर काढण्याचा पगार खाल्लेली मी बाई आता सगळ्यांना सांगते, त्या एका चौकटीत बिनधास्त खोटं लिहा. मात्र ते खोटं लक्षात ठेवा. मी माझं विसरले आणि बँकेत दोन चकरा माराव्या लागल्या. नात अजून हसते.

हे खोटं लिहायचं मला त्या मुलीनेच दाखवलं. नोकरी लागल्यावर ती ठाण्यात भेटायला आली होती. नवं खातं उघडलंय, असं सांगत होती. मी सवयीने विचारून बसले, "या वेळी गुप्त प्रश्नाला उत्तर काय लिहिलंस?"

ती खुर्चीत मागे टेकली, माझ्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही सांगत, मॅडम."

रायटरने पेन खाली ठेवलं. त्या खोलीत मला उत्तर नाकारलेलं मी त्याआधी कधी खपवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास," मी म्हटलं. "मामाजींनाही सांगू नकोस."

"त्यांना तर मुळीच नाही," ती म्हणाली.